बाबांच्या कॅमेऱ्यातला अर्धा रोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जाऊन पाच महिने झाले. मोबाइलमध्ये त्यांचे चारेक हजार फोटो आहेत, पण गॅलरी उघडवत नाही. कपाटात त्यांचा जुना, हाताने रोल सरकवायचा यशिका कॅमेरा सापडलाय, आत रोल आहे आणि किती फोटो काढले ते दाखवणारा काउंटर २२ वर थांबलाय. हॉलमध्ये हार घातलेला फोटो लावायचा की नाही यावरून आई आणि भाऊ यांच्यात अबोला आहे. त्यात कुणीतरी सुचवलं, फोटोग्राफी सुरू कर, मन हलकं होईल. हे खरं का? आणि खरं असेल तर सुरुवात कुठून करायची?

मन हलकं होतं, हे मी सोळा वर्षं बघत आलेय. पण "कॅमेरा घे, गडावर जा, सूर्योदय टिप" अशा सल्ल्यांनी झालेलं फारसं पाहिलेलं नाही. सूर्योदय छान येतो आणि घरी परतल्यावर बाबांची खुर्ची रिकामीच असते. माझ्या अनुभवात उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. फोटोसाठी माणसाला थांबून बघावं लागतं, आणि मग ते कुणाला तरी सांगावं लागतं. हे मी शिकले ते समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात नाही, वडिलांच्या स्टुडिओत.

आमचा स्टुडिओ तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर. लग्नं, बारसी, पासपोर्ट साइज, आणि वर्षभर न चुकणारं एक काम म्हणजे गेलेल्या माणसाचं एन्लार्जमेंट. "दहाव्याच्या आत पाहिजे" म्हणत लोक यायचे. हातात एसटीचा पास, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आपला माणूस तिसऱ्या रांगेत आणि निम्मा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) त्याची कॉपी निगेटिव्ह काढायचे, म्हणजे फोटोचाच फोटो घ्यायचे. फिल्म बहुधा उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू'. मग लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने रिटचिंग. खाली कोट चढवायचा. जन्मभर बंडी-धोतरात वावरलेला माणूस भिंतीवर कोट-टाय लावून बसायचा आणि घरच्यांना ते खटकायचं नाही.

एक बाई आठवतात. नवऱ्याचा एकच फोटो होता, पासावरचा, गालावर गोल शिक्का बसलेला. दादांनी शिक्का घालवला, चेहरा मोठा केला. बाई म्हणाल्या, "डोळे एवढे मोठे नव्हते." दादांनी बारीक केले. "भुवई इथं तुटलेली होती, बैलाचं शिंग लागलं होतं." तीही तोडली. दुपारभर त्या बाकावर बसून सांगत होत्या, दादा पेन्सिल चालवत होते. शिंग कधी लागलं, तेव्हा पाऊस कसा होता, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, सगळं निघालं. संध्याकाळी उठताना म्हणाल्या, "आता आला." त्यांच्याकडून दादांनी पैसे घेतले का, ते मला आठवत नाही. त्या दुपारी पहिल्यांदाच त्या नवऱ्याबद्दल इतकं बोलल्या, हे मात्र त्यांच्या दिराने नंतर सांगितलं.

(दादा स्वतः गेले तेव्हा अख्ख्या तालुक्याचे फोटो मोठे करणाऱ्या या माणसाचा एक धड फोटो घरात मिळाला नाही. कायम कॅमेऱ्यामागे. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा वापरला. त्या कार्डावर माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहेच. आई अजूनही म्हणते, फरारी आरोपी वाटतो.)

आता तुमच्याकडे येते.

आधी गॅलरीचं. पाच महिन्यांत ती उघडवत नाही यात वावगं काही नाही. तिच्याशी झटापट करू नका, आणि रात्री दोन वाजता एकटीने तर मुळीच उघडू नका. फक्त ते फोटो सुरक्षित आहेत एवढं बघा, आणि तेही काम तुम्ही करू नका. भावाला नाहीतर मैत्रिणीला सांगा: दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. बाबांचे व्हॉइस मेसेज आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायला सांगा. त्यांचा नंबर बंद झाला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, आणि एके दिवशी 'बाबा' नावासमोर अनोळखी पोराचा गॉगल घातलेला डीपी येतो. हे दोन घरांत झालेलं मी पाहिलंय. फोनमधलं 'आजच्याच दिवशी तीन वर्षांपूर्वी' असं अचानक फोटो पुढ्यात टाकणारं सेटिंगही बंद करून घ्या. फोटो कधी बघायचे ते तुम्ही ठरवायचं.

हॉलमधल्या फोटोचं भांडण हे बहुतेक वेळा फोटोचं नसतंच. भावाला बाबा घरात दिसायला हवेत. आईला तो हार नको आहे, कारण हार म्हणजे शिक्कामोर्तब. एक मधला मार्ग बऱ्याच घरांत चालला आहे: दहाबारा फोटो साध्या चार बाय सहाच्या आकारात, मॅट कागदावर छापून घ्या आणि आईच्या हातात गठ्ठा द्या. निवड भावाने करावी, कारण त्याला बघवतंय. हातात कागद आला की वयस्कर माणसं बोलतात. स्क्रीनवर बोट सरकवताना बोलत नाहीत. "हा कुठला गं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्यातलाच एखादा फोटो आई स्वतः बाजूला काढेल, बहुधा तुम्हाला वाटला नव्हता असा, जरा हललेला, शेव खाताना वगैरे. तो लावा. हार, दिशा, भिंत हे पुढे आपोआप ठरतं.

फोटो काढण्याबद्दल बोलते, कारण मूळ प्रश्न तो होता.

पहिले काही आठवडे मी कुणालाच कॅमेरा हातात घ्या म्हणत नाही. हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका ताईंना, मुलगी जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मी सांगितलं की तिच्या खोलीचे फोटो काढा. त्या पुढच्या वेळी तीनशेवर फोटो घेऊन आल्या. तीन रात्री झोपल्या नव्हत्या. खोलीतला प्रत्येक हॅंगर, प्रत्येक वही, वहीचं प्रत्येक पान. त्यांना वाटत होतं, एक जरी राहिलं तर मुलगी तेवढी कमी होईल. तो सल्ला चुकीच्या वेळी दिलेला होता आणि चूक माझी होती. तेव्हापासून मर्यादा ठरलेली: एका वेळी वीस मिनिटं, जास्तीत जास्त दहा फोटो, मग कॅमेरा बंद आणि काहीतरी हाताचं काम. भाजी निवडा, गाडी धुवा, बँकेत जा.

ही मर्यादा मनाला येईल तशी ठेवलेली नाही. नेदरलँड्समधले संशोधक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकातला माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्या माणसाची ओढ, दुसऱ्या काठावर वीजबिल, नोकरी, मुलांची शाळा. ही ये-जा चालू राहणं हेच सावरणं. एकाच काठावर अडकलं की त्रास वाढतो. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याच्या धामधुमीत ही ये-जा आपसूक व्हायची. रडता रडता पानं किती लागतील हेही कुणीतरी मोजत असायचंच.

काय काढायचं? चेहरा तर आता मिळणार नाही. त्यांच्या वस्तू आणि त्यांच्या जागा काढा, आणि शक्यतो त्यांच्या वेळेला. बाबा सकाळी साडेसहाला गॅलरीत पेपर वाचत असतील तर साडेसहालाच तिथे जा. त्या वेळचा उजेड कठड्यावर कुठवर येतो ते बघा. चष्म्याची दांडी कुठे वाकलीय, चपलेचा अंगठा कुठे झिजलाय, गोळ्यांच्या डबीवर त्यांनी पेनाने काय लिहिलंय. जवळ जा, अगदी वीतभर.

जवळ जा म्हणते त्यालाही आधार आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयात फिरताना लोकांनी ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. आठवायचं काम आपण जणू कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे होतो. पण ज्यांनी वस्तूच्या एका भागावर झूम केलं, त्यांची आठवण अशी घटली नाही. फोटोत न आलेला भागही त्यांना आठवत होता. त्या ताईंचे तीनशे फोटो मला इथे दर वेळी आठवतात.

इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकर्तीचं आईशी फार जुळत नव्हतं. २००० साली आई गेली. मागे राहिलेली वापरलेली लिपस्टिक, आतले कपडे, कवळी, केस अडकलेला कंगवा यांचे फोटो तिने काढले. ते पुढे २००५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात जपानच्या दालनात लागले. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण अनेकांना वाटतं की असं काही करायला गेलेल्या माणसावर निखळ प्रेमच असायला हवं. राग असेल, न बोललेलं काही असेल, तरी चालतं. कवळीचा फोटो काढताना तर जास्तच चालतं.

जवळचं उदाहरण द्यायचं तर एका काकांचं देते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले आणि वर्षभरात बायको गेली. स्वयंपाक कधी केला नव्हता. त्यांनी दर शनिवारी एकच फोटो काढायचा असं ठरलं, मिसळणाच्या डब्याचा, झाकण काढून, वरून. सात वाट्या. पहिल्या फोटोत मोहरी काठोकाठ, हळदीत काकूंनी ठेवलेला पत्र्याचा छोटा चमचा तिरपा रुतलेला. काका वरण-भात शिकत गेले तशी मोहरी खाली गेली, जिरं खाली गेलं. गोड्या मसाल्याची वाटी मात्र तशीच भरलेली. तो काकूंनी भाजून-कुटून केलेला शेवटचा मसाला होता, त्याला ते हात लावेनात. अकराव्या की बाराव्या शनिवारच्या फोटोत त्या वाटीत बोटाने उकरल्यासारखा खड्डा दिसला. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "आमटी केली. तिची नाही झाली, पण वास तोच आला." पुढे वाटी रिकामी झाली, एक शनिवार तशीच राहिली, आणि मग त्यात भावजयीने दिलेला मसाला आला, रंगाला जरा काळपट. चमचा अजून तिरपाच होता. ते फोटो तांत्रिकदृष्ट्या वाईट आहेत, निम्म्यांत काकांच्याच डोक्याची सावली पडलीय.

फोटो काढून झाला की त्याच दिवशी दोन ओळी लिहा, नाहीतर एका माणसाला दाखवून सांगा. एकाच माणसाला. स्टेटसला टाकू नका, निदान पहिलं वर्ष तरी. टाकलं की लोक हात जोडलेले पाठवतात, तुम्ही कुणी बघितलं ते मोजत बसता आणि बाबा बाजूला राहतात. आईचे रडतानाचे फोटोही काढू नका, कितीही 'खरे' वाटले तरी. दवाखान्यातले, नळ्या लावलेले फोटो असतील तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला भावाला सांगा. पुसू नका, पण वाटेतही ठेवू नका. जुना फोटो हलता-बोलता करून देणारी ॲप आली आहेत. माझं मत विचाराल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या पासावरच्या फोटोत डोळे कसे असायला हवेत हे त्या बाईंना माहीत होतं. ॲपला ते माहीत नसतं, आणि ते विचारतही नाही.

बाबांचे कपडे अजून वाटले नसतील तर त्याआधी एकेक फोटो घ्या. आपल्याकडे तेराव्यापर्यंत बरंच घराबाहेर जातं, आणि नंतर सहाव्या महिन्यात कुणीतरी रडत येतं की तो निळा स्वेटर दिला, त्याची गुंडी कुठल्या रंगाची होती ते आठवत नाही.

नातेवाईक म्हणतील, "किती दिवस धरून बसणार, सोडून दे आता." १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी या विचारालाच आव्हान दिलं. गेलेल्या माणसाशी नातं तोडावं लागत नाही, ते रूप बदलून चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही, असं त्यांचं म्हणणं. पितृपक्षात कावळ्याला पान ठेवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

तरी एक खूण लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळलेला, रोजचं जगणं अडवणारा शोक हा वेगळा विकार धरला आहे. त्यासाठी किमान सहा महिने ही अट आहे. अमेरिकन मानसोपचाराच्या निकषांत मोठ्यांसाठी बारा महिने. फोटो काढून, बोलून, काहीही करून झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं तर महिने मोजत बसू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. कॅमेरा हा औषधाला पर्याय नाही.

आता रोल.

आधी एक: मागचं झाकण उघडून "रोल आहे का बघू" हे करू नका. उजेड लागला की बाबांनी काढलेलं तेवढं गेलं. रोल आहे की नाही हे डावीकडच्या गुंडाळायच्या दांडीवरून कळतं. बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा, ताण लागला तर आत रोल आहे. ताण लागताच थांबा. सेल जुने असतील तर आधी काढा. कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर व्हिनेगरचा ओलसर बोळा फिरवून पुसा आणि सुकू द्या.

मग दोन वाटा आहेत. आत्ताच रोल गुंडाळून धुवायला द्यायचा, किंवा उरलेले फोटो तुम्ही काढायचे. छत्तीसचा रोल असेल तर चौदा राहिलेत. धुवायची घाई वाटत असेल तर खुशाल द्या, पण मी दुसरी वाट सुचवेन. आठवड्याला एक काढा. चौदा आठवडे म्हणजे वर्षश्राद्धाच्या बऱ्याच आधी संपेल. मोबाइलवर एका मिनिटात चाळीस निघतात. इथे एका आठवड्याला एक, म्हणजे बटण दाबायच्या आधी तुम्हाला बाबांच्या गॅलरीत बराच वेळ उभं राहावं लागेल.

तांत्रिक सांगायचं तर लोखंडी कपाटात कित्येक मे महिने काढलेल्या फिल्मची संवेदनशीलता उतरलेली असते. दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा हा आमच्या धंद्यातला अंदाज. म्हणजे ४०० चा रोल असेल (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) आणि वीस वर्षं झाली असतील तर कॅमेऱ्यावरची एएसए चकती, जिच्यावर हा आकडा लावतात ती, १०० वर ठेवा. चकती नसेल तर सरळ उन्हात काढा, खोलीत नको. संपला की तळाचं बारीक बटण दाबून दांडी उघडा आणि बाणाच्या दिशेने हळूहळू गुंडाळा. एका क्षणी ताण सुटतो, त्यानंतरच झाकण. लगेच धुवायचा नसेल तर हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत छबी टिकते. डबीवर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी चटणी समजून उघडतं.

रंगीत रोल सी-४१ नावाच्या रासायनिक प्रक्रियेत धुतात. मोठ्या शहरांतल्या काही लॅब अजून करतात, कुरिअरनेही घेतात. रोल जुना आहे हे आधीच सांगा. काय येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. रंग जांभळट येतील, दाणे येतील, बाबांच्या बाजूचे काही कोरेही निघतील. त्याची मनाची तयारी करून जा, आणि पाकीट आणायला भावाला सोबत न्या.

लॅबमध्ये दोन गोष्टी बजावून सांगा. नुसत्या स्कॅनवर भागवू नका, निगेटिव्ह परत पाहिजे. आणि पट्ट्या नेहमीसारख्या सहा-सहाच्याच कापा. काउंटर एखाद्या आकड्याने पुढेमागे असू शकतो, पण हिशेबाने १९ ते २४ ही चौथी पट्टी येते. तिच्यात पहिले चार फोटो बाबांचे असतील आणि पुढचे दोन तुमचे. पाकिटावर रोल कुणाच्या नावाने लिहायचा ते मात्र घरूनच ठरवून जा. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता तेच पहिलं विचारतो.